मसाई पठारावरचा कवला कुंडीत का जगत नाही?

प्रश्न : गेल्या भाद्रपदात मसाई पठारावरून पिवळ्या फुलांची काही रोपे मुळांसकट आणून शेणखत घातलेल्या कुंडीत लावली. फुलावर दोन तांबडे ठिपके होते आणि मुलांनी त्याचे नाव 'मिकी माऊस' ठेवले होते. आठवड्याभरातच रोपे पिवळी पडून मेली. माझे काय चुकले? – एक वाचिका, रंकाळा परिसर, कोल्हापूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही वनस्पती कवला, म्हणजे शास्त्रीय भाषेत स्मिथिया, असावी. ती शेंगवर्गातली, एकाच पावसाळ्यात उगवून, फुलून, बी धरून संपणारी वनस्पती आहे. त्यामुळे फुलावर आलेले रोप आपण आणले तेव्हाच त्याचे बहुतेक आयुष्य सरलेले होते. त्यातून ओढून काढताना त्याच्या बारीक मुळ्या तुटल्या असणार, आणि कवल्याचा खरा संसार त्या मुळ्यांवरच असतो.

मसाईचा सडा, म्हणजे उघडे कातळाचे पठार, जांभ्या दगडाचा आहे. त्यावर माती जेमतेम काही बोटे, लोहाने तांबडी, आणि पन्हाळ्याकडचा धुवाधार पाऊस तिच्यातला विरघळणारा नत्र, म्हणजे झाडांना वाढीसाठी लागणारा नायट्रोजन, वाहून नेतो. अशा उपाशी मातीत दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती किडे धरून नत्राची सोय करते. सीतेची आसवे ही नाजूक निळी फुलेही त्याच मार्गाने जातात. कवल्याने मात्र मुळांवरच्या गाठींत जिवाणूंना आसरा दिला आहे. ते हवेतला नत्र झाडाला वापरता येईल असा करून देतात आणि झाड त्यांना साखर पुरवते. रोप वाळून कुजले की त्यातला काही नत्र सड्याच्या मातीतच राहतो, म्हणून फुललेला कवला उपटून आणणे म्हणजे त्या पातळ मातीचा घास काढून घेणे होय, हे मला आपल्याला कळकळीने सांगावेसे वाटते.

दुसरा तोटा बियांचा. पुढच्या वेळी ऑक्टोबरात गेलात, तर वाळलेले एखादे फूल जागेवरच निरखून पाहा: पाकळ्या गळून गेल्यावरही केसाळ हिरवा पेला मिटून राहतो आणि त्याच्या आत इवल्या मण्यांची शेंग घडी घालून बसलेली असते. तिचा एकेक मणी सुटून खाली पडतो, तापलेल्या कातळाच्या फटीत उन्हाळा काढतो आणि जूनच्या पावसाने रुजतो. फुलातच उपटलेले रोप पुढच्या वर्षीची ही पेरणीही सोबत नेते.

कुंडीसाठी गोकर्ण लावावा. तोही शेंगवर्गातलाच आहे आणि रंकाळ्याच्या हवेत चांगला फुलतो. मुळांवरच्या गाठी मुलांना दाखवायच्या असतील, तर भुईमूग काढणीच्या वेळी ओळखीच्या शेतकऱ्याकडून एक डहाळा मागून घ्यावा. भुईमूग कवल्याचा जवळचा नातलग आहे. मुळे हलक्या हाताने धुऊन एखादी गाठ नखाने चिरली, तर जिवंत गाठ आतून गुलाबी दिसेल.