लोकलमध्ये ऐकायला भुताखेतांमधल्या डिटेक्टिव्हचं एखादं चांगलं ऑडिओबुक सुचवाल का?

तुमच्या अटी अशा: रोजचा बोरिवली–चर्चगेट प्रवास, इंग्रजी चालेल, रहस्य हवं, पण रात्री दिवा लावून झोपायची वेळ यायला नको. माझं उत्तर एकच, बेन आरोनोविच यांचं ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (२०११). आणि वाचू नका, ऐकाच.

पीटर ग्रँट हा लंडन पोलिसातला नवखा कॉन्स्टेबल. कॉव्हेंट गार्डनमध्ये खून झालाय आणि हा बिचारा थंडीत बंदोबस्ताला उभा. साक्षीदार भेटतो, पण तो स्वतःच केव्हाचा मेलेला! आता भुताचा जबाब घ्यायचा कसा आणि साहेबाला सांगायचं काय? मला आवडलं ते हेच. जादू शिकला तरी याची ड्यूटी सुटत नाही, कागदपत्रं सुटत नाहीत.

ऐकाच म्हणतो ते कोब्ना होल्डब्रुक-स्मिथ या नटासाठी. यात लंडनच्या नद्या म्हणजे जित्याजागत्या बायका आहेत. टेम्सची देवी नायजेरियाहून आलेली, आणि शहराखाली गाडल्या गेलेल्या छोट्या नद्या या तिच्या मुली. प्रत्येकीची बोली वेगळी. आपल्याकडे कुणी आगरीत बोललं, कुणी मालवणीत, की दोन वाक्यांत गाव कळतं ना, तसं हा माणूस नुसत्या आवाजातून करतो. छापील पानावर ही मजा निम्मी होते.

आता थोडं विषयांतर. मी दहिसरला चढतो. बोरिवलीच्या आधी दहिसर नदी, कांदिवलीच्या आसपास पोईसर, गोरेगाव-जोगेश्वरीमध्ये ओशिवरा आणि वांद्रे-माहीमला मिठी. मुंबईच्या चारही नद्या रोज ओलांडत होतो, पण हे पुस्तक ऐकेपर्यंत त्या माझ्या लेखी नालेच होते. एकदा गाडी नेमकी माहीमच्या खाडीवर थांबली. दारातून तो ओळखीचा वास, कानात टेम्सबाई बोलतायत आणि मी एकटाच हसतोय. शेजारच्या काकांनी विचारलं, "काय ऐकताय एवढं?" थोडक्यात सांगितलं. काका खाली पाण्याकडे बघत म्हणाले, "मग हिची पण कोणी बाई असेल की. २६ जुलैला घरी येऊन गेली आमच्या. कमरेएवढी." २००५च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, काका तेव्हा कुर्ल्यात राहायचे. त्यावर काय बोलणार? इयरफोन काढून ठेवला.

आपल्या मुंजा, गिऱ्हा, देवचार मंडळींना घेऊन असं काहीतरी मराठीत कुणी केलं तर मी पहिला गिऱ्हाईक. कोकणातून माणसं गिरणगावात आली, तेव्हा देवचार काय गावीच राहिला असेल?

असो, कामाचं सांगतो. एकूण साधारण दहा तास आहे. जाऊन-येऊन दोन तास धरले तर कामाच्या एका आठवड्यात संपेल. पहिला अर्धा तास उच्चार कानात बसायला जातो, तेव्हा वेग वाढवू नका. विनोद हळू आवाजात येतात, दीडपटीने ऐकलं तर निसटतात. एक इशारा: पुस्तक एरवी हसतंखेळतं असलं तरी सुरुवातीच्या भागात एका तान्ह्या बाळाचा मृत्यू आहे. घरी लहान मूल असेल तर तो प्रसंग जड जाईल. मी तिथे पुढे ढकललं होतं, कथा समजायला काही अडलं नाही.

पुढचा भाग ‘मून ओव्हर सोहो’ही त्याच आवाजात आहे. त्यात जॅझ भरपूर आहे, ते आवडत नसेल तर घाई करू नका.