वाचकांचे प्रश्न : लेगोच्या गाडीचं सस्पेन्शन

प्रश्न : लेगो टेक्निकच्या (भोकांचे बीम आणि गिअर असलेल्या लेगो मालिकेच्या) जीपला चारही चाकांना साडेसहा घरांचे (एक घर म्हणजे शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर) कडक शॉकअप लावले आहेत. बॅटरी बॉक्स चढवला की गाडी पार खाली बसते. यापेक्षा कडक स्प्रिंग माझ्याकडे नाही. आता काय करू?

उत्तर : शॉकअपचं खालचं टोक आर्मवर (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यावर) कितव्या भोकात आहे, ते आधी बघा. आर्मसाठी ७ भोकांचा बीम घेतला असेल तर आतल्या बिजागरीपासून बाहेरच्या बिजागरीपर्यंत ६ घरं होतात. भोकं मोजून ७ धरायची चूक फार जण करतात. अंतर नेहमी घरांत मोजायचं आणि एक घर म्हणजे ८ मिमी. आता शॉकअप आतून २ घरांवर असेल, तर चाकाला जाणवणारा कडकपणा २/६ चा वर्ग, म्हणजे मूळ स्प्रिंगच्या एक नवमांश उरतो. तोच शॉकअप ४ घरांवर सरकवला की कडकपणा चार नवमांश, म्हणजे सरळ चौपट. एकही नवा भाग लागत नाही. बदल्यात चाकाचा वर-खाली प्रवास कमी होतो : आधी शॉकअपच्या तिप्पट होता, आता दीडपट.

शॉकअप किती कललाय तेही बघा. उभ्यापासून ४५ अंश कलला की जोर जवळपास निम्मा होतो. एवढं करूनही भागलं नाही तर प्रत्येक चाकाला दोन शॉकअप शेजारी शेजारी लावा. गाडी नुसती उभी असताना एकूण प्रवासाचा साधारण एक तृतीयांश भाग खर्च झालेला असावा. अजिबात बसत नसलेली गाडीही चुकीचीच, कारण खड्डा आला की तिच्या चाकाला खाली उतरायला जागाच राहत नाही.

दोष स्प्रिंगचाच आहे ना, हे तपासायला एक सोपी चाचणी आहे. गाडी टेबलावर ठेवून हाताने दाबा, हळूच सोडा आणि टेबलापासून बॉडीची उंची मोजा. मग गाडी थोडी वर उचलून तशीच हळूच सोडा, पुन्हा मोजा. दोन उंच्यांत अर्ध्या घराचा फरक निघाला तर स्प्रिंगला दोष देऊ नका, बिजागऱ्या अडकताहेत. काळ्या आणि निळ्या पिना घर्षणाच्या असतात. बॉडी जोडायला उत्तम, पण हलत्या सांध्यात त्या ब्रेकसारख्या वागतात. तिथे करड्या किंवा टॅन रंगाच्या मोकळ्या पिनाच हव्यात. एक्सलवर बिजागरी केली असेल तर बुश (एक्सलवर बसणारी छोटी अडकण) आर्मला चिकटवून दाबू नका. मध्ये कागद सरकेल इतकी फट ठेवा.

प्रश्न : पुढचं सस्पेन्शन दोन समांतर आर्मचं आहे. गाडी उंचवट्यावरून गेली की स्टिअरिंगला हात न लावताही पुढची चाकं आत वळतात. पिनांमधल्या प्लेमुळे (ढिलेपणामुळे) होत असेल का?

उत्तर : नाही. प्लेमुळे चाक कधी आत, कधी बाहेर असं कसंही लटपटतं. दर वेळी एकाच बाजूला वळत असेल तर टाय रॉडची (स्टिअरिंगकडून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याची) लांबी किंवा जागा चुकली आहे.

आर्म ४ घरांचा (३२ मिमी) आहे आणि टाय रॉड ६ घरांचा (४८ मिमी), असं धरू. चाक १२ मिमी वर गेलं की आर्मचं बाहेरचं टोक २.३ मिमी आत येतं, टाय रॉडचं मात्र १.५ मिमीच. उरलेला ०.८ मिमी स्टिअरिंग आर्मला (चाक वळवणाऱ्या छोट्या दांड्याला) बाहेर ढकलतो. तो आर्म २ घरांचा असेल तर चाक सुमारे ३ अंश वळतं. टाय रॉड एक्सलच्या मागे असला की चाक आत वळतं आणि पुढे असला की बाहेर. तुमचा मागे असणार.

टाय रॉड आर्मइतकाच लांब आणि आर्मला समांतर ठेवा. समोरून पाहिल्यावर त्याचा आतला बॉल (टोकाचा गोल सांधा) वरच्या-खालच्या आर्मच्या आतल्या बिजागऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर दिसायला हवा आणि बाहेरचा बॉल बाहेरच्या बिजागऱ्यांच्या रेषेवर. बहुतेक वेळा गडबड रॅकमध्ये (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दातांच्या पट्टीत) असते. रॅक अरुंद पडतो, बॉल आतल्या बाजूला राहतात आणि ती भरपाई करायला लांब टाय रॉड लावला जातो. उलट रॅकच्या दोन्ही टोकांना भाग जोडून बॉल बाहेर आणायचे. जोडणी झाली की शॉकअप काढून ठेवा, स्टिअरिंग मधोमध धरा, चाकाला एक लांब बीम टेकवा आणि चाक हाताने तळापासून टोकापर्यंत वर-खाली करा. बीम स्वतःशी समांतर राहिला की जमलं. शॉकअप शेवटी लावायचे. आधी लावले तर ही चूक दिसतच नाही.

प्रश्न : मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि ड्राइव्ह दोन्ही दिले आहेत. चढावर कट-कट आवाज येतो आणि कधी कधी हाफ शाफ्ट (चाकाला फिरवणारा दांडा) निसटून पडतो.

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत. कट-कट आवाज बहुधा गिअरचे दात उडी मारल्याचा. डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) आणि त्याला काटकोनातून फिरवणारा बेव्हल गिअर जोरापुढे एकमेकांपासून दूर सरकतात. डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंचे आधार नुसते खालून जोडले असतील तर वरूनही आडवा बीम टाका, म्हणजे चारी बाजूंनी बंद चौकट होईल.

शाफ्ट निसटतो तो लांबी बदलल्यामुळे. शाफ्टला दोन युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वाकूनही फिरणारे सांधे) हवेत. आतल्या जॉइंटचा मध्य आर्मच्या आतल्या बिजागऱ्यांच्या रेषेवर आणि बाहेरच्याचा बाहेरच्या रेषेवर आला, तर शाफ्ट हा तिसरा समान आर्मच होतो आणि त्याला लांबी बदलावी लागत नाही. अर्ध्या घराची चूक झाली तरी चालेल, पण मग एका टोकाला एक्सल सरकायला जागा ठेवा आणि जॉइंटमध्ये तो पुरेसा खोल घुसवा. चाक वळणारं असेल तर बाहेरच्या जॉइंटचा मध्य वळण्याच्या अक्षावरही यावा लागतो. लेगोच्या १९९४ च्या ८८८० क्रमांकाच्या सुपर कारमध्ये चारही चाकं वळतात, चारही चाकांना ड्राइव्ह आहे आणि सस्पेन्शनही. तिच्या चाकांजवळची जोडणी याच दृष्टीने एकदा उलगडून पाहा.

दोन्ही जॉइंटचे शाफ्टवरचे काटे (दुबोटी टोकं) एकाच पातळीत ठेवा. ९० अंश फिरलेले राहिले तर चाक एकसारखं न फिरता हिसके देत फिरतं.

आवाज तरीही थांबला नाही तर गिअरिंग हलवा. मोटरपाशीच गिअरने वेग उतरवला (कमी केला) की सगळा जोर जॉइंटवर येतो. तोच वेग चाकापाशी उतरवा. ८ दातांचा गिअर वर आणि २४ दातांचा खाली अशी जोडी हबमध्ये (चाकाच्या मध्यभागी) बसवली तर जॉइंटवर एक तृतीयांश जोर येतो. शिवाय दोन्ही गिअरच्या मध्यांत २ घरांचं अंतर असल्याने एक्सल आधीपेक्षा १६ मिमी वर जातो.

प्रश्न : माझ्या ट्रकला मागे अखंड एक्सल (दोन्ही चाकं एकाच न वाकणाऱ्या तुकड्यावर) आहे. सुरू करताना एकच बाजू वर उचलली जाते.

उत्तर : प्रॉपेलर शाफ्ट (मोटरचा जोर एक्सलपर्यंत नेणारा दांडा) एक्सलला पिळतो आणि तितकाच उलटा पीळ चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) बसतो. शाफ्टमधला जोर कमी करा, म्हणजे वरच्यासारखाच वेग एक्सलमध्ये किंवा हबमध्ये उतरवा. निम्म्याहून जास्त त्रास तिथेच संपतो. उरलेल्यासाठी एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवा एक्सल टाकून त्याच्या दोन टोकांना लिव्हर लावा आणि ते दुव्यांनी ट्रकच्या एक्सलला जोडा. हा अँटी-रोल बार, म्हणजे गाडीला एका अंगावर झुकू न देणारा दांडा झाला. फक्त एका बाजूची स्प्रिंग कडक करू नका, ट्रक उभा असतानाच तिरका दिसेल.

प्रश्न : स्टडवाल्या (वर गोल उंचवटे असलेल्या) विटांची चॅसिस आहे. आर्मच्या बिजागऱ्यांसाठी उभा बीम लावायला गेलो तर भोकं जुळतच नाहीत.

उत्तर : विटेची उंची ९.६ मिमी आणि भोकांतलं अंतर ८ मिमी, कसं जुळणार? भोकाच्या दोन विटांमध्ये दोन पातळ प्लेट घाला. ९.६ अधिक दोनदा ३.२ म्हणजे १६ मिमी, बरोबर २ घरं.

प्रश्न : गाडी खड्ड्यानंतर बराच वेळ डुलत राहते. शॉकअपमध्ये तेल घालता येईल का?

उत्तर : नाव शॉकअप असलं तरी आत नुसती स्प्रिंग आहे, डॅम्पर (डुलणं शमवणारा भाग) नाही. तेल घातलं तर ते वाहून फक्त चाकांना लागेल. प्रत्येक बाजूच्या एकाच बिजागरीत मोकळ्या पिनेऐवजी काळी पिन घाला. पहिल्या उत्तरात टाळायला सांगितलेलं घर्षण इथे मोजून वापरायचं आहे. दोन उंच्यांची चाचणी पुन्हा करा आणि फरक दोन-तीन मिमीच्या आत ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे एकही शॉकअप नाही. मग सस्पेन्शन करायचंच नाही का?

उत्तर : करा की. ट्रॅक्टर, डंपर, खडकांवरून चालणारी गाडी यांना स्प्रिंगशिवायही जमतं. पुढचा अखंड एक्सल मधोमध एकाच लांबट बिजागरीवर टांगा आणि मागचा चॅसिसला पक्का करा. गाडी तीन बिंदूंवर टेकते आणि चारही चाकं जमीन सोडत नाहीत. दोन्ही एक्सल मोकळे टांगायचे असतील तर बॉडी एका अंगावर कलते, म्हणून एका एक्सलच्या दोन्ही टोकांपासून चॅसिसपर्यंत सारख्या लांबीची रबरबँडं ताणून बांधा. रबर आठवडाभर ताणलेलं राहिलं तरी सैल पडतं, तेव्हा गाडी कपाटात ठेवताना ती काढून ठेवा.