बाजूची चाके लवकर काढा, रस्ता मात्र सावकाश द्या

तुमचा प्रश्न असा आहे की, साडेपाच वर्षांच्या मुलीच्या सायकलची बाजूची चाके सहा महिने झाले तरी सुटत नाहीत आणि नऊ वर्षांचा मुलगा क्लासला एकटाच सायकलने जाण्याचा हट्ट धरून बसला आहे, तर दोघांना सुरक्षितपणे कसे शिकवावे. पुण्यातील आमच्या सोसायटीत मी बरीच वर्षे रविवारी सकाळी लहान मुलांना सायकल शिकवत आलो आहे. त्याच अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे.

आधी मुलीविषयी. दोष तिच्या धीटपणाचा नाही, त्या चाकांचा आहे. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळवले की ती पुन्हा सावरते, आणि तोल सांभाळणे म्हणतात ते एवढेच असते. पण बाजूची चाके सायकलला कलूच देत नसल्याने हे सावरणे शिकण्याची वेळच मुलावर येत नाही. वळणावर सायकल आतल्या बाजूला झुकायला हवी, तर या चाकांमुळे मूल उलट बाहेर ढकलले जाते. म्हणजे सहा महिन्यांत तुमची मुलगी पायडल मारायला शिकली आहे, तोल सांभाळायला नाही.

म्हणून बाजूच्या चाकांबरोबर दोन्ही पायडलेही काढून टाका. बहुतेक सायकलींना १५ नंबरचा पाना चालतो. उजवे पायडल नेहमीप्रमाणे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवले की सुटते, डाव्याचे आटे मात्र उलटे असतात आणि ते काट्यांच्या दिशेने फिरवावे लागते. हे ठाऊक नसल्यामुळे जोर लावून पायडल आणखी घट्ट करून ठेवणारे पालक मी पाहिले आहेत. मग सीट इतकी खाली घ्या की मुलीचे दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतील आणि गुडघे थोडे वाकलेले राहतील. सपाट, कोरड्या आणि वाहने नसलेल्या जागी तिला सायकलवर बसून नुसते चालू द्या. दोन-तीन दिवसांत ती आपणहून पळू लागेल आणि मग पाय उचलून पाहील. आपल्यातील अनेकांना कुणीतरी मागून कॅरिअर धरून धावत धावत शिकवलेले असते, त्यामुळे हात धरायला पुढे जातोच. तरीही शक्यतो धरू नका. सीट किंवा हँडल धरले की सायकल तुम्ही चालवत असता आणि मूल तुमच्या हातावर विसंबून राहते. आधार द्यायचाच असेल तर तो मुलाच्या काखेखाली, हलक्या हाताने द्यावा.

पायडले परत लावण्याआधी ब्रेक शिकवायचा, हा माझा सर्वांत ठाम आग्रह आहे आणि त्याला कारण आहे. आमच्याकडे सहा वर्षांचा एक मुलगा बाजूच्या चाकांवर झकास पायडल मारत असे. एका संध्याकाळी तो पार्किंगच्या उतारावर गेला, वेग वाढल्यावर घाबरून त्याने पायडलांवरचे पाय उचलले आणि सायकल सरळ भिंतीवर गेली. मनगट मोडले. त्याच्या सायकलचे दोन्ही ब्रेक उत्तम लागत होते, पण ते दाबायचे कधी आणि कसे, हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते, आणि त्याला शिकवणारा मीच होतो. त्या दिवसापासून मी क्रम बदलला.

पहिल्यांदा तिचा हात पाहा. लहान मुलांची बोटे पुष्कळदा ब्रेकच्या दांडीपर्यंत जेमतेम पोहोचतात, नुसती टोके टेकतात आणि जोर लागत नाही. बऱ्याच ब्रेकच्या दांड्यांना एक छोटा स्क्रू असतो, तो पिळला की दांडी हँडलच्या जवळ येते. तसा नसेल तर सायकलवाल्याकडून तार जुळवून घ्या. नंतर जमिनीवर खडूने रेघ ओढा आणि पुढचे चाक बरोबर त्या रेघेवर थांबवायला सांगा. दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबायचे, फक्त पुढचा एकदम दाबला तर मागचे चाक उचलले जाते, हे सायकल हातात धरून, ढकलून प्रत्यक्ष दाखवावे. पाय वर ठेवून दहा आकडे म्हणेपर्यंत ती तरंगत जाऊ लागली आणि पाय न घासता ब्रेकने रेघेवर थांबू लागली, की पायडले लावा. त्यानंतर बहुतेक मुलांना पायडल मारायला शिकवावेच लागत नाही.

हेल्मेट पहिल्या दिवसापासून हवे. त्याची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर असावी, पट्टे कानाखाली एकत्र यावेत आणि हनुवटीखाली एखादे बोट जाईल इतकीच जागा राहावी. पुढच्या वर्षी होईल म्हणून मोठे हेल्मेट घेऊ नका आणि सायकलही घेऊ नका.

आता मुलगा. ब्रिटनमध्ये २००७ पासून मुलांना सायकल शिकवण्याचा ‘बाइकेबिलिटी’ नावाचा उपक्रम आहे. त्यात पहिली पायरी वाहने नसलेल्या आवारात, दुसरी शांत रस्त्यांवर आणि तिसरी वर्दळीच्या रस्त्यांवर पार करायची असते. आपले रस्ते वेगळे असले तरी हा क्रम मला पटतो. तुमचा मुलगा पहिल्या पायरीवर पक्का आहे का, हे आधी आवारातच पाहा. तो सरळ जात असताना तुम्ही मागे उभे राहून बोटे वर करा आणि उजव्या खांद्यावरून वळून बघून किती बोटे आहेत ते त्याला सांगायला लावा. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक मुलाची सायकल मान वळेल तिकडे, म्हणजे उजवीकडे, सरकते. रस्त्यावर नेमक्या त्याच बाजूने मागून वाहन येत असते. हे आणि एका हाताने सरळ चालवणे सहज जमेपर्यंत फाटकाबाहेर जाऊ देऊ नये.

ते जमल्यावरही नऊव्या वर्षी त्याला एकटे पाठवावे असे मला वाटत नाही. या वयाच्या मुलाला समोरची गाडी दिसते, पण ती किती वेळात आपल्यापर्यंत पोहोचेल याचा अंदाज मोठ्या माणसासारखा येत नाही. ही उणीव हुशारीने भरून निघत नाही, तिला वय आणि सराव लागतो. तुम्ही स्वतःची सायकल काढा आणि त्याच्या मागे, किंचित उजवीकडे राहून क्लासपर्यंत जा. उभ्या गाड्या आणि रिक्षांपासून दार उघडेल इतके अंतर ठेवायचे, उजवीकडे वळायचे तिथे उतरून सायकल हातात धरून रस्ता ओलांडायचा, वळणावरच्या रेतीत ब्रेक दाबायचा नाही आणि कुत्रे मागे लागले तर वेग वाढवायचा नाही, या गोष्टी त्या त्या जागी पोहोचल्यावरच सांगाव्यात; घरी बसून सांगितलेल्या राहत नाहीत. क्लासची पिशवी हँडलला अडकवू देऊ नका, ती पाठीवर किंवा कॅरिअरवर हवी. हिवाळ्यात क्लास सुटेपर्यंत अंधार पडत असेल तर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावल्याशिवाय निघू नका.

दोघांना एकाच वेळी शिकवू नका. मुलीकडे पाहताना मुलगा नजरेआड होतो. अर्धा तास एकाचा, अर्धा तास दुसऱ्याचा ठेवा. मुलीच्या वेळात तिच्या चाकांतील हवा, ब्रेक आणि चेन तपासण्याचे काम मुलाला द्या. क्लासच्या वाटेवर तुम्ही काही न बोलता तो प्रत्येक चौकात आपणहून थांबतो आणि मागे वळून पाहतो, असे सलग काही आठवडे दिसले, तर शेवटच्या शांत गल्लीपासून त्याला पुढे जाऊ द्या आणि तुम्ही वीस-पंचवीस पावले मागे राहा.