पोरगा अंथरुणातून उठत नाही, त्याला कोच मिळेल का?

प्रश्न : ताई, माझा मुलगा ३१ वर्षांचा आहे. नऊ वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. आता भास नाहीत, गोळ्या रेग्युलर घेतो, पण अकरापर्यंत झोपतो, आंघोळीसाठी तीनदा ओरडावं लागतं आणि नोकरीचं नाव काढलं की खोलीचं दार बंद. हे म्हणतात आळशी झालाय, तू लाडावून ठेवलंयस. माझी भाची मेलबर्नला असते, ती म्हणाली तिकडे अशा लोकांना रिकव्हरी कोच मिळतो. पुण्यात मिळेल का असं कुणी? आणि अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढावं का? मग लग्नाचं काय?
– एक आई, कर्वेनगर

उत्तर : भाचीचं बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात एनडीआयएस म्हणून अपंगांसाठी सरकारी योजना आहे, त्यात २०२० पासून मानसिक आजारामुळे अपंगत्व आलेल्यांसाठी रिकव्हरी कोच ठेवलेत, आणि त्यातले काही जण स्वतः अशा आजारातून गेलेले असतात. आपल्याकडे सरकारकडून असा कोच मिळत नाही, पण तो जे करतो ते इथेही करता येतं, म्हणून आधी तो करतो काय ते सांगते.

तो नोकरी लावून देत नाही, रागवत नाही, गोळ्यांना हात लावत नाही. तो विचारतो, तुला काय हवंय? तुमच्या मुलाला हो, तुम्हाला नाही, आणि घरच्यांचं घोडं इथेच अडतं. माझ्या भावाचं सांगते. आम्हाला हवी होती नोकरी, त्याला हवा होता कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये एकट्याने चहा, कारण तिथे सगळे आपल्याकडेच बघतात असं वाटून त्याला जमतच नव्हतं. मग पहिला आठवडा नुसतं सोसायटीच्या गेटपर्यंत, मग चहा पार्सल, मग दुपारी तीनला गर्दी नसताना कुणाला तरी बरोबर घेऊन बसायचं, मधे दोनदा सगळं फिसकटलं, असं करत सात आठवड्यांनी एकटा गेला. आमची आई वैतागली होती, चहासाठी सात आठवडे? पण पुढे पीएमटीने डेक्कनपर्यंत जायला त्याला दोनच लागले.

आता आळशीपणाबद्दल. इच्छाच आटून जाणं, उठावंसं न वाटणं हे या आजाराचंच लक्षण आहे, भास थांबले तरी ते मागे राहतं, आणि काही गोळ्यांनी झोपही येते. गोळी रात्री लवकर घेतली तर चालेल का, डोस बघता येईल का हे डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने काही कमी करू नका. ओरडण्याचं म्हणाल तर ज्या घरात सारखी टीका होते तिथे आजार जास्त वेळा उलटतो, हे लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासातून फार पूर्वीच दाखवलंय. तुम्ही थकलाय हे मला कळतंय, पण तीनदाचं एकदा करून बघा.

अजून एक काम बरा असतानाच करायचं. आजार उलटायच्या आधी काय काय होतं, म्हणजे झोप उडते, खिडक्या लावून बसतो वगैरे, ते त्याच्या शब्दांत, त्याच्याच हाताने एका कागदावर लिहून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर आपल्यावर उपचार कसे व्हावेत आणि आपल्या वतीने कोण बोलेल हे आधी लिहून ठेवायचा हक्कच आहे.

पुण्यात कुठे? डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन धायरीला आहे. या क्षेत्रातली मंडळी पेशंट म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात, आणि सांभाळणारा तो शुभंकर. संस्थेच्या सपोर्ट ग्रुपची चौकशी करा. आपण ज्यातून गेलो त्यातूनच दुसऱ्याला हात द्यायचा ही गोष्ट पुण्याला नवी नाहीये, मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेले लोक कधीपासून हेच करतायत.

सर्टिफिकेट काढाच असं मी म्हणेन, पण त्याला विचारून. अपंगांच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांमध्ये मानसिक आजार आहे. स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, संवाद आणि समज, काम हे चार मुद्दे आणि आजार किती वर्षं आहे ते बघून टक्के ठरतात. ४० किंवा त्याहून जास्त आले तर सरकारी नोकरीतल्या राखीव जागांसाठी अर्ज करता येतो, जुन्या कररचनेत तुमच्या मिस्टरांना ७५,००० ची वजावट मिळते. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे अपंगांच्या सरकारी ओळखपत्राच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. निरामय हा अपंगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा मात्र मानसिक आजाराला मिळत नाही, उगाच एजंटला पैसे देऊ नका.

लग्नाचं म्हणाल तर सर्टिफिकेट कपाटात राहतं, गल्लीत लागत नाही. पण आजार लपवून लग्न करू नका, सर्टिफिकेट असो नसो.

आणि धायरीला पहिल्यांदा तुम्ही जाऊ नका, मिस्टरांना पाठवा. दुसऱ्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं त्यांना जास्त पटेल.