एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर आठवडाभर थांबून बघावं का?

अजिबात थांबू नका. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी डावा कान बंद, आत शिट्टी, आणि केमिस्टने 'मळ असेल' म्हणून दिलेले थेंब! कान बंद म्हणजे मळच, हा समज किती जणांचे मोलाचे दिवस खातो.

लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशाजवळ उभं राहिलं की दडे बसतात, पण बहुधा दोन्ही कानांना. एकच कान अचानक गेला तर ढोलाला दोष देऊन मोकळं होऊ नका. तोंड मिटून हुंकार काढा. तो बंद कानात घुमला तर मळ किंवा मध्यकर्णाचा, म्हणजे पडद्यामागच्या भागाचा, दोष. चांगल्या कानात घुमला तर दोष आतल्या कानाचा असण्याची शक्यता जास्त. कपाळावर ५१२ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क टेकवून ईएनटीवाले हेच बघतात. मग त्याच दिवशी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी. ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रीक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा जास्त घट, ही या आजाराची, म्हणजे आतल्या कानाच्या अचानक बहिरेपणाची, व्याख्या.

घाई कशासाठी? कॉक्लिया म्हणजे आतल्या कानातला शंख. त्याच्या मधल्या नळीतला द्रव पोटॅशियमने भरलेला आणि सुमारे +८० मिलिव्होल्टवर असतो. आवाज टिपणाऱ्या केसपेशींचे केस वाकले की पोटॅशियम आत शिरतं, मग कॅल्शियम, मग ग्लुटामेट सुटून नसेला संदेश जातो. ही विद्युतपातळी राखणाऱ्या स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस या पट्टीला रक्त एकाच धमनीच्या शाखांतून मिळतं, पर्यायी वाट नाही. बहुतेकांत कारण सापडत नाही. २००५ मध्ये मर्चंट, अ‍ॅडम्स आणि नॅडॉल यांनी मांडलं की पेशींमधली एनएफ-कप्पा-बी ही ताणाची संदेशसाखळी नको तेव्हा चालू होते. स्टिरॉइड तीच दाबतं. हे अजून गृहीतकच आहे, पण माणसाची मेलेली केसपेशी परत उगवत नाही, हे पक्कं.

म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड: वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम, दिवसाला जास्तीत जास्त ६०, सकाळी एकदम, १० ते १४ दिवस, मग उतरता डोस. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर उत्तम. फरक पडला नाही तर कानाच्या पडद्याआड स्टिरॉइडचं इंजेक्शन. रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या गोळ्या लिहून देणाऱ्यांशी माझा वाद जुना आहे: त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि 'आधी या घेऊन बघा' म्हणण्यात नेमके हेच दोन आठवडे जातात.

एमआरआय लागेल, ऐकण्याच्या नसेवरची गाठ नाही ना हे बघायला. पण त्यासाठी औषध अडवू नका.

आणि हो, काही जण औषधाशिवायही बरे होतात, काहींना औषधानेही फरक पडत नाही. मधुमेह, बीपी किंवा अल्सर असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. स्टिरॉइड दुकानातून परस्पर घेऊ नका. जोडीला तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एकाचे दोन दिसणं यातलं काही असेल, तर ईएनटीकडे नाही, थेट इमर्जन्सीत जा.