चार डॉलरचा हिशेब

प्रश्न : लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने शिकागोजवळ राहून आले. तिथे गांजाची दुकानं सोनाराच्या पेढीसारखी लखलखीत! जावई म्हणाले, "आई, याच्या करातून सरकार चांगली कामं करतं." माझा धाकटा भाऊ व्यसनापायी गेला. मला ते ऐकवेना. खरंच कुठे जातो हा पैसा? — एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझी सगळी नोकरी कोषागारात चलनं आणि बिलं तपासण्यात गेली, तेव्हा पावतीवरूनच सांगतो.

शिकागो ज्या राज्यात आहे, त्या इलिनॉयमध्ये १ जानेवारी २०२० पासून २१ वर्षं पूर्ण झालेल्यांना गांजा उघड विकत मिळतो. समजा कुणी ४० डॉलरचा सुका गांजा घेतला. त्यावर खास कर १० टक्के, म्हणजे ४ डॉलर. (नेहमीचा विक्रीकर वेगळा, तो इथे धरत नाही.) या कराच्या वाटण्या कायद्यातच लिहिल्या आहेत. कारभाराचा आणि जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी पुसण्याचा खर्च आधी वजा होतो. सोयीसाठी चारही डॉलर उरले असं धरू.

१ डॉलर ४० सेंट राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत. ४० सेंट अडचणीच्या वेळी वापरायच्या राज्याच्या राखीव निधीत. ३२ सेंट गावा-शहरांना, गुन्हे रोखण्यासाठी. मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीला ८० सेंट. आणि लोकांना, पोरांना धोका समजावून सांगायला? ८ सेंट. ४० डॉलरच्या विक्रीमागे ८ सेंट! हा आकडा मला फार टोचतो.

राहिला १ डॉलर. तो जिथे गोळीबार, बेकारी, पोरांची गरिबी आणि तुरुंगवास जास्त, अशा वस्त्यांसाठी राखलेला आहे. हे मला मनापासून पटतं. याच गांजापायी तिथल्या घराघरांतली माणसं आत गेली होती. विक्री सुरू होण्याच्या आदल्या दिवशी गव्हर्नर प्रिट्झकर यांनी किरकोळ गांजाच्या गुन्ह्यातल्या ११,०१७ जणांना माफी दिली. त्या वस्त्यांसाठीचं पहिलं अनुदान, ३ कोटी १५ लाख डॉलर, जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालं.

म्हणजे जावई खोटं बोलले नाहीत. पण "गांजावर शाळा चालतात" असं अमेरिकेतल्याच कोलोरॅडो राज्याबद्दल सर्रास सांगतात, ते मात्र तसं नाही. तिथे घाऊक मालावरचा १५ टक्के कर शाळांच्या बांधकामाला जातो. त्यातून गळकं छप्पर दुरुस्त होतं, मास्तरांचा पगार होत नाही.

आपल्याकडे दारूचं उत्पादन शुल्क राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतं. पुढे त्यातला कुठला रुपया कशाला गेला, ते ओळखता येत नाही. पण ठरावीक कामासाठी कर आपणही बसवला आहे. पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापतात ना, तो १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी आला. जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने स्वतःची घालायची, असं कायद्यात होतं. पाझर तलावावरच्या बायकांची मजुरी त्या खात्यातून निघताना मी पाहिली आहे.

ही जोडीची भर फार महत्त्वाची, ताई. नाहीतर नवा पैसा आला की जुनं अनुदान गुपचूप कापलं जातं. अशी बिलं माझ्या हातून गेली आहेत. म्हणून जावयांना एवढंच विचारा : गांजाचे ८० सेंट यायच्या आधी व्यसनमुक्ती केंद्रांना जे मिळत होतं, ते अजून तेवढंच मिळतं का?