सिम्युलेशन केंद्राची खरेदी-यादी करण्यापूर्वी

प्रिय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

सिम्युलेशन केंद्राची, म्हणजे पुतळ्यांवर उपचारांचा सराव करण्याच्या जागेची, जबाबदारी तुमच्याकडे आली याचा आनंद झाला, पण सोबतची खरेदी-यादी वाचून मी थोडा धास्तावलो. घाम येणारा, डोळ्यांची उघडझाप करणारा संगणकचलित पुतळा आल्याखेरीज सुरुवात करता येणार नाही, असे तुम्ही लिहिता. असा पुतळा उद्घाटनाला शोभतो खरा. मात्र पुढे त्याचा एखादा भाग निकामी झाला की तो परदेशातून येईपर्यंत खोलीला कुलूप लागते, कारण आपल्यासारख्या विकसनशील देशांत अंदाजपत्रकाला कात्री लागते तेव्हा देखभालीचा खर्च सर्वांत आधी जातो.

'निओनॅटली' हा नवजात बाळाचा साधा पुतळा पाहा. त्यात पाणी भरले की तो हाताला खऱ्या बाळासारखा जड आणि ढिला लागतो. अँबू बॅगचा (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीचा) मास्क चेहऱ्यावर नीट बसला नाही, तर हवा कडेने निसटते आणि छाती वर येत नाही. चूक कोणी दाखवून देण्याआधीच विद्यार्थ्याला कळते. एवढेच शिकवायचे असताना घाम हवा कशाला?

टांझानियातील हेडमच्या ग्रामीण रुग्णालयात २०१० मध्ये 'हेल्पिंग बेबीज ब्रीद' या, जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला मदत करायला शिकवणाऱ्या कार्यक्रमाचे एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. काही महिन्यांनी पुतळ्यावरची कामगिरी सुधारलेली दिसली, पण प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळच्या कामात फरक पडला नव्हता. पुढे तेथेच दर आठवड्याला ३ ते ५ मिनिटांचा सराव आणि दरमहा ४० मिनिटांची उजळणी सुरू झाली, तेव्हा जन्मानंतरच्या २४ तासांतील बालमृत्यूंचे प्रमाण हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. म्हणून किमान एक पुतळा लेबर रूममध्येच ठेवा आणि पाळी बदलताना सराव घ्या. त्यासाठी इन्चार्ज सिस्टरना आधी विश्वासात घ्या, नाहीतर तो आठवड्याभरात कपाटात जाईल.

खरी कसोटी सरावानंतरच्या चर्चेची आहे. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा प्रसंग उभा केला, की बहुधा असे दिसते: रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन दुसऱ्याने दिले असेल असे दोघे जण एकमेकांबद्दल धरून चालतात, आणि रक्त वाढल्याचे सर्वांत आधी पाहणारी परिचारिका वरिष्ठांसमोर गप्प राहते. पदांची उतरंड जिथे इतकी घट्ट आहे, तिथे चर्चेत पहिला प्रश्न तिला विचारा, मग निवासी डॉक्टरांना. विभागप्रमुखांनी शेवटी बोलावे. त्यांना हे आवडणार नाही, तेव्हा ते आधीच एकांतात सांगून ठेवा.

समितीच्या बैठकीपूर्वी सुधारित यादी मला पाठवा. तिच्यात सुटे मास्क आणि पुतळ्याच्या फुप्फुसाच्या सुट्या पिशव्या असाव्यात, आणि सराव घेणाऱ्या दोन शिक्षकांचे आठवड्यातील तास त्यांच्या इतर कामातून वजा केल्याचे अधिष्ठात्यांच्या सहीचे पत्र सोबत असावे.

आपला,
एक जुना शिक्षक